दोन भोंग्यांमधलं क्रिस्प

नरहर पुसदकरांनी उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं. भोपाळच्या सरकारी कारखान्यात, ट्रान्सफॉर्मरच्या विभागात, तिथल्या भाषेत शॉपमध्ये, ते फोरमन म्हणून निवृत्त झाले. एवढ्या नोकरीत तिथला साधा एक स्क्रूसुद्धा त्यांनी घरी आणला नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि शेजाऱ्यांना वैताग. असा हा माणूस पंच्याहत्तरी ओलांडल्यावर पोटच्या मुलाला फसवायला निघाला, आणि तेही आडूंच्या जोरावर.

आडू म्हणजे पीच. पुण्या-मुंबईकडे पीच म्हणतात, पण भोपाळात तो आडूच. मेच्या अखेरीला, जीव नकोसा करणाऱ्या उन्हात, पहाडातून आलेले आडू हातगाड्यांवर दिसायला लागतात. महाराष्ट्रातून आलेल्या बाकीच्या बिऱ्हाडांना त्या दिवसांत आंब्याखेरीज काही सुचत नसे. पुसदकरांकडे मात्र आंब्याइतकीच आडूंचीही वाट पाहिली जायची, कारण नरहररावांच्या पत्नी मनोरमाबाई त्यांचं क्रिस्प करायच्या, म्हणजे फोडींवर खुसखुशीत भुगा पसरून ओव्हनमध्ये भाजलेलं विलायती गोड.

हे क्रिस्प अमरावतीच्या लेकीच्या हातात कसं आलं, तर कॉलनीतल्या शिवणाच्या वर्गातून. त्या काळी कारखान्यात काही इंग्रज इंजिनियर होते. त्यातल्या एकाची बायको, जिला सगळी कॉलनी नुसतं मेमसाहेब म्हणे, ब्लाउजला काज कसं करावं हे विचारायला मनोरमाबाईंकडे येई. काजाच्या बदल्यात तिने क्रिस्प शिकवलं. मायदेशी परत जाताना आपला गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला ओव्हनही तिने मनोरमाबाईंच्या ओट्यावर ठेवून दिला. मेमसाहेब आडूंच्या फोडींवर डब्यातले ओट्स घालायची. भोपाळात ओट्स फक्त घोड्यांना ठाऊक असण्याचा तो काळ. मनोरमाबाईंनी जाडे पोहे भाजून, हाताने चुरडून घातले आणि मेमसाहेब बोटं चाटत राहिली.

ओव्हनमध्ये एकच खोट होती. त्याला ना आच कमीजास्त करायची सोय होती, ना वेळ लावायची. कॉइल तापली की तापली. मग किती वेळ ठेवायचं? मनोरमाबाईंनी त्यावर जो तोडगा काढला तो कारखान्याच्या कॉलनीतल्या बाईलाच सुचावा. दुपारी कारखान्याचे दोन भोंगे व्हायचे. पहिला, पुढच्या पाळीच्या लोकांनी घरून निघावं म्हणून. दुसरा, चालू पाळी सुटल्याचा. पहिल्या भोंग्याला ताटली ओव्हनमध्ये, दुसऱ्या भोंग्याला बाहेर. मग तोंड धुवायचं, कुंकू ठीक करायचं, पदर सारखा करायचा आणि दारात उभं राहायचं. फाटकाशी नरहररावांची सायकल लागेपर्यंत क्रिस्प जिभेला सोसेल इतपत निवलेलं असे. सगळा हिशोब त्या सायकलसाठीच होता. ताटलीच्या कडेला आडूंचा रस उकळून वर येतो आणि साखरेसकट काळपट, चिकट होऊन बसतो, ती कड नरहररावांची. मधला मऊ भाग इतरांचा. पाहुणा कितीही मोठा असो, मनोरमाबाईंनी कड कधी दुसऱ्याच्या बशीत जाऊ दिली नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं आणि बाग सेवनिया या लांबच्या वस्तीत चार खोल्यांचं घर झालं. इथे भोंगा ऐकू येत नाही. सुरुवातीला बाईंना दुपार चुकल्यासारखी वाटायची, पण मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. वर्षं चांगली गेली. दर उन्हाळ्यात मुलगा केशव पुण्याहून येई, आणि आल्या आल्या पिशवी टाकून विचारी, "आई, आडू आले का गं?"

आणि मग गेल्या उन्हाळ्यात बाईंनी ताटली ओव्हनमध्ये ठेवली आणि त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिल्या. नरहरराव बाहेर पेपर वाचत होते. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांना वाटलं शेजारी कुणी कचरा जाळतंय. धूर दिसला तसे ते धावले. काचेआड नुसता कोळसा झाला होता आणि बाई हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या.

"अगं, वास नाही आला तुला?"

"आला की. पण भोंगा कुठे झालाय अजून?" बाई म्हणाल्या.

नरहररावांनी ओव्हनचा प्लग ओढून काढला. त्याआधीही काहीबाही होत होतं. मीठ दोनदा पडायचं, किल्ल्या फ्रीजमध्ये सापडायच्या, शेजारच्या वंदनाला त्या दिवसातून तीनदा तिच्या आईची तब्येत विचारायच्या. त्या सगळ्याकडे नरहररावांनी वय झालं म्हणून कानाडोळा केला होता. या उत्तराकडे मात्र करता येईना. बाई भोंग्याची वाट पाहत होत्या, म्हणजे त्या या घरात नव्हत्याच. केशवचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "ओव्हनची कॉइल शॉर्ट झाली रे." आयुष्यातली पहिली थाप. नंतरच्या सोप्या गेल्या.

पण थापांनी किती दिवस निभावणार? दिवाळीला केशव आला तेव्हा आईने त्याला विचारलं, "कॉलेजला सुट्टी लागली का रे?" केशव पन्नाशीचा. परत गेल्यावर त्याने पुण्याजवळची एक संस्था शोधून काढली. अशा माणसांसाठीच असलेली. डॉक्टर, नर्स, बाग, सगळं होतं तिथे. नवरा-बायकोने एकत्र राहायची सोय तेवढी नव्हती. आईने तिथे राहायचं, बाबांनी केशवच्या फ्लॅटवर, आणि रविवारी भेटायला जायचं.

केशव वाईट मुलगा नव्हता. तो फोनवर रडलाही. "बाबा, उद्या गॅस उघडा राहिला तर? ती फाटकातून निघून गेली तर? तुम्ही एकटे कुठे कुठे पुरे पडणार?"

"तिला सगळं येतं," नरहरराव म्हणाले. "तुला खोटं वाटतं ना? मग जूनमध्ये ये. तुझ्यासमोर आडूचं क्रिस्प करील. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी हात न लावता. जमलं तर संस्थेचं नाव काढायचं नाही."

शेवटी केशव म्हणाला, "बरं."

म्हणजे पैज लागली. जमलं तर मनोरमा घरी राहणार, नाही तर रविवारी भेटणार.

नरहररावांनी तयारी सुरू केली ती मोठा जॉब हातात घेतल्यासारखी. ओव्हन उघडून कॉइल साफ केली, वायर बदलली. आडू कच्चे होते ते तांदळाच्या डब्यात पुरले आणि रोज एकेक दाबून पाहिला. सामान त्यांनी ओट्यावर ओळीने मांडून ठेवलं, आधी लागणारं डावीकडे, मागून लागणारं उजवीकडे, म्हणजे बाईंना शोधाशोध पडणार नाही. एकदा तालीमही करून पाहिली. बाईंचे हात पहिल्यासारखेच चालत होते, एकदाही अडखळले नाहीत. अडलं ते एकाच ठिकाणी. ताटली तयार करून त्या हातात धरून उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या.

"ठेव ना आता," नरहरराव म्हणाले.

"भोंगा होऊ दे."

घड्याळ दाखवून झालं, समजावून झालं, थोडं रागावूनही झालं. बाईंनी ताटली खाली ठेवली आणि त्या मुसमुसायला लागल्या. नरहररावांनी हात टेकले. रात्रभर त्यांना एकच दिसत होतं, की हिला सगळं येतं, फक्त भोंगा पाहिजे. मग भोंगा आणायचा कुठून?

तो आणला गोपीनाथने. गोपीनाथ सोनटक्के हा शॉपमधला जुना सोबती, आता कारखान्याजवळच्या आनंद नगरात राहणारा. त्याच्या गच्चीवर भोंगा अजून कानठळ्या बसवतो. नरहररावांनी त्याला सगळं सांगितलं. जिवलग मित्र म्हणून नव्हे, तर दुसरं कुणी उरलंच नव्हतं म्हणून.

"एवढंच ना?" गोपीनाथ म्हणाला. "मी गच्चीवर मोबाइल वर धरून उभा राहतो. तू तिकडे स्पीकर लाव आणि फोन खिडकीत ठेव. वहिनींना भोंगा ऐकवायचाय, अख्ख्या सेवनियाला नाही."

"लू लागेल तुला."

"लागू दे. डोक्याला पंचा बांधीन. रविवारी कारखाना गप्प असतो, तेवढा सोडून बोलाव त्याला."

म्हणून केशव शुक्रवारी आला.

सकाळी आईने त्याला ओळखलं. पाठीवरून हात फिरवला, "वाळलास रे," म्हणाली. नरहररावांनी मनातल्या मनात एक खूण केली. जेवताना तिने त्याला विचारलं, "आणि घरी कोण कोण असतं तुमच्याकडे?" ती खूण पुसली गेली. जेवण झाल्यावर केशव स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला, परीक्षक बसतो तसा. नरहरराव खिडकीशी. लोणच्याच्या बरणीमागे मोबाइल, स्पीकर लावलेला, पलीकडे गच्चीवर गोपीनाथ.

बाईंनी आडू उकळत्या पाण्यातून काढले आणि सालं अलगद ओढली. फोडी केल्या, त्यावर लिंबू पिळलं, साखर भुरभुरली, दालचिनीचा चिमूटभर चुरा घातला. मग परातीत कणीक आणि थंड लोणी घेऊन बोटांच्या टोकांनी चोळायला लागल्या, तळहात लागू न देता, कारण तळहाताच्या उबेने लोणी वितळतं. पोहे भाजून चुरडले, त्यात मिसळले. सगळा भुगा आडूंवर पसरला, तोही न दाबता. केशव पुढे झुकून बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू दहा वर्षांच्या मुलासारखा होत चालला होता.

बाईंनी ताटली उचलली आणि त्या थांबल्या.

नरहररावांची नजर बरणीवर खिळली. लाइट गेली तर? गोपीनाथची बॅटरी संपली तर? म्हाताऱ्याला गच्चीवर डुलकी लागली तर? तेवढ्यात बरणीमागून आधी एक खोकला आला, मग रिक्षाचा हॉर्न, आणि मग तो आवाज. बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण तोच. चढत गेलेला, ताणलेला आणि उतरत गेलेला.

बाईंनी मान वर केली. "झाला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ताटली ओव्हनमध्ये ठेवून झाकण लावलं.

केशवने वडिलांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तो उठला, बरणी जराशी सरकवली, मागचा फोन पाहिला. नरहररावांनी डोळे मिटून घेतले. घोडं इथेच पेंड खाणार होतं. पण केशवने बरणी होती तिथे ठेवली आणि तो वडिलांच्या शेजारी येऊन बसला. स्वयंपाकघरात लोणी आणि दालचिनीचा वास भरायला लागला.

"किती दिवस असा भोंगा आणणार आहात बाबा?" केशवने हळूच विचारलं.

"गोपीनाथ आहे तोवर. मग रेकॉर्ड करून ठेवीन. तू शिकव मला रेकॉर्ड कसं करतात ते."

केशव हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "शिकवतो," तो म्हणाला. "संस्थेला तूर्त नाही म्हणून कळवतो. दिवसभराची एक बाई ठेवू. पुढचं पुढे बघू."

नरहररावांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, उठून मनोरमेला सांगावं, पास झालीस. पण सांगणार काय, तिला परीक्षा होती हेच ठाऊक नव्हतं. ती पाटावर बसून होती, गेल्या वर्षी बसली होती तशीच, हात मांडीवर. फक्त आज भोंगा येणार होता.

दुसरा भोंगा झाला. गोपीनाथने बहुधा फोन अजून उंच धरला असावा, आवाज पहिल्यापेक्षा मोठा आला. बाई लगबगीने उठल्या, फडक्याने ताटली बाहेर काढली. वरचा भुगा बिस्किटासारखा तांबूस झाला होता आणि कडेने रस फुटून काळपट चकाकत होता. अगदी तसंच, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये व्हायचं तसं. केशवने चमचा घेऊन हात पुढे केला तशी आईने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हे येऊ देत आधी," त्या म्हणाल्या.

मनोरमाबाई नवऱ्याला नेहमी 'हे'च म्हणायच्या. केशव हसून म्हणाला, "आई, बाबा इथेच आहेत की."

बाईंनी ते ऐकलंच नाही. त्या मोरीत गेल्या, तोंड धुतलं, आरशासमोर कुंकू ठीक केलं, पदर सारखा केला आणि पुढच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. फाटकाकडे बघत. नरहरराव मागे जाऊन उभे राहिले.

"मनोरमा, मी आलोय."

त्यांनी वळून पाहिलं. पाहिलं ते अगदी अदबीने, साहेबाच्या ऑफिसमधून कुणी निरोप्या आला तर पाहावं तसं. पदर आणखी पुढे ओढला. "बसा ना," त्या म्हणाल्या. "हे येतीलच आता. भोंगा झालाय."

नरहररावांना क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, आणि ते कळणं सोसवेना. भोंगा त्यांनीच आणला होता. भोंग्यामागून क्रिस्प आलं, क्रिस्पमागून ते कुंकू आणि तो पदर आला, आणि त्यांच्यामागून काळ्याभोर केसांचा, सायकलवरचा एक माणूस यायचा होता. तो कुठून आणणार?

तरी त्यांनी एकदा करून पाहिलं. मागच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घालून भर उन्हात फाटकाशी गेले. वंदनाच्या मुलाची सायकल कुंपणाला टेकून ठेवलेली होती, तिची घंटी वाजवली. फाटकाची कडी जोरात आपटली, जशी पूर्वी आपटायचे. ताठ चालायचा प्रयत्न करत ते पायरीपर्यंत आले. बाईंचा चेहरा घंटी ऐकून उजळला होता. असा चेहरा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बाईंची नजर त्यांच्यावरून गेली, त्यांच्या खांद्यावरून मागे रस्त्यापर्यंत गेली, आणि परत आली.

"नाही आले अजून," त्या त्यांनाच म्हणाल्या. "तुम्ही आत या, ऊन फार आहे."

केशव दारात उभा होता. त्याने तोंड फिरवलं.

संध्याकाळ झाली. क्रिस्प केव्हाच गार होऊन गेलं होतं. बाई दारातून हलायला तयार नव्हत्या. कुणी बस म्हटलं की म्हणत, "आज कामावर थांबवून घेतलं असेल." शेवटी पाय दुखले तशा त्या आत आल्या. पाहुणा अजून बसलेलाच आहे हे पाहून त्या ओशाळल्या.

"अगंबाई, तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही मी."

त्यांनी पाणी आणलं. मग बशी घेतली, ताटलीतलं क्रिस्प चमच्याने काढलं. काढताना त्या कडेच्या आत आत जात होत्या, कड मोडणार नाही अशा बेताने. मधला मऊ भाग त्यांनी बशीत वाढला आणि नरहररावांच्या हातात दिला. उरलेल्या ताटलीवर झाकण ठेवलं.

नरहरराव खाऊ लागले. इतक्या वर्षांत मधला भाग त्यांच्या बशीत कधी आलाच नव्हता. गोड होता, मऊ होता.

"बरं झालंय का?" बाईंनी विचारलं.

"छान झालंय."

"कड देता आली नाही, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "ह्यांना फार आवडते. ह्यांच्यासाठी ठेवावी लागते."

नरहररावांनी बशी चाटूनपुसून रिकामी केली, उठून मोरीत नेऊन ठेवली. बाहेर अंगणात केशव पाठमोरा उभा होता. ते त्याच्याजवळ गेले, पण त्याच्याकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही. ते फाटकाकडेच बघत राहिले.

"कळवलंस का रे त्या संस्थेला, नाही म्हणून?"

"नाही अजून, बाबा."

"मग राहू दे," नरहरराव म्हणाले. "हो म्हणून कळव."